जुना घरगुती संगणक घेताना: आधी वीज, मग चित्र, मग कार्ट्रिज

जुना घरगुती संगणक घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण आधी यंत्राची किंमत पाहतात. माझा सल्ला असा की आधी त्याच्या अ‍ॅडाप्टरकडे पाहा. १९८०च्या दशकातल्या या यंत्रांमधल्या कितीतरी चिप आजही धडधाकट आहेत. त्यांचा जीव बऱ्याचदा घेतो तो त्यांच्याच खोक्यातून आलेला वीजपुरवठा.

कमोडोर ६४चंच पाहा. १९८२ साली ५९५ डॉलरना बाजारात आलेला हा संगणक जगभरात एक कोटीहून अधिक विकला गेला. त्यामुळे तो आजही सहज मिळतो आणि नवख्या संग्राहकाला मी तोच सुचवतो. मात्र त्याचा मूळ अ‍ॅडाप्टर म्हणजे विटेसारखा जड ठोकळा असतो. आतले सगळे भाग राळ ओतून बंद केलेले असतात, म्हणून तो उघडून दुरुस्तही करता येत नाही. त्यातून ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी अशी दोन प्रकारची वीज निघते. राळेमुळे आतली उष्णता कोंडते, वर्षानुवर्षं तापून ५ व्होल्टचा रेग्युलेटर खचतो आणि खचला की पुष्कळदा जास्त व्होल्ट सोडू लागतो. तो दाब थेट रॅमवर जातो. संध्याकाळपर्यंत चालणारा संगणक रात्री कायमचा काळा पडला, अशा हकिकतींमागे बहुतेक वेळा हेच असतं. मल्टिमीटर लावून पाहिलं आणि आकडा ५.०५ आला तरी निर्धास्त होऊ नका. थंड असताना बरोबर दाखवणारा ठोकळा तासाभराने तापल्यावर बिघडू शकतो. मूळ अ‍ॅडाप्टर संग्रहात शोभेसाठी ठेवा आणि वापरायला या यंत्रासाठी खास बनवलेला नवा घ्या. तो मिळेपर्यंत यंत्र सुरू करण्याचा मोह आवरा, विकणाऱ्याने ‘कालच चालवून पाहिलाय’ असं सांगितलं तरीही.

इतर यंत्रांच्या खोडी वेगळ्या. सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो, पण त्याच्या पिनेत मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडाप्टरमध्ये याच्या नेमकं उलट असतं. पीन बसते म्हणून लावून पाहणाऱ्याचं यंत्र जळण्याचा धोका असतो. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यात मुख्य लाइनवर कागदी कपॅसिटर असतात. त्यांच्या पारदर्शक कवचाला तडे जातात, तड्यांतून दमट हवा आत शिरते आणि एके दिवशी खोलीभर उग्र वासाचा धूर होतो. आपल्या हवेत तर हे दोन कपॅसिटर यंत्र सुरू करण्याआधीच बदलून घ्यावेत, तेही २३० व्होल्टवर काम करण्याची सवय असलेल्या माणसाकडून. जपानी यंत्र १०० व्होल्टचं असतं. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि तो घेताना ११० व्होल्टचा मिळाला तर पुढचं दुकान पाहा. १०० व्होल्टचा करून देणारे मिळतात.

आता कोणतं यंत्र घ्यायचं? एकच घ्या. एका यंत्राचा आराखडा, त्याच्या नेहमीच्या तक्रारी, त्याचे सुटे भाग, त्याचे चांगले खेळ हे सगळं कळायला वेळ लागतो. पाच वेगवेगळी यंत्रं फळीवर मांडून त्यातलं एकही धड चालत नाही, अशा संग्रहात पैसा जातो आणि हाती काही लागत नाही. मला स्वतःला चालू असलेलं आणि रोज हाताळलं जाणारं एकच यंत्र सीलबंद खोक्यांच्या भिंतीपेक्षा मोलाचं वाटतं, आणि या लेखातला सगळा सल्ला त्याच भूमिकेतून दिलेला आहे.

भारतातल्या संग्राहकाला दोन यंत्रांबद्दल विशेष आस्था वाटावी अशी कारणं आहेत. ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये १६के १२५ पौंडांना आणि ४८के १७५ पौंडांना आलेला स्पेक्ट्रम पुढे डेसिबेल्स कंपनीने परवान्याने भारतात ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ म्हणून विकला. बीबीसी मायक्रो तर १९८४ पासून ‘क्लास’ या सरकारी संगणक-साक्षरता प्रकल्पातून देशातल्या निवडक शाळांमध्ये पोचला होता. म्हणून एखाद्या जुन्या शाळेच्या अडगळीत, एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या किंवा अभियंत्याच्या माळ्यावर ही यंत्रं अजून निघू शकतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारणाऱ्यांनी आणि मुंबईच्या चोरबाजारात फिरणाऱ्यांनी नजर उघडी ठेवावी. पण खरा शोध ओळखीतून लागतो. कुणाकडे काय पडून आहे ते विचारत राहा. असं यंत्र मिळालं की त्यासोबतच्या पावत्या, वह्या, हाताने लिहिलेले प्रोग्राम आणि मालकाच्या आठवणीही मागून घ्या. भारतात वापरल्या गेलेल्या यंत्रांची लेखी नोंद फार कमी आहे, तेव्हा हे कागद जपण्याजोगे आहेत.

वीज झाली की चित्र. ब्रिटन आणि युरोपातली यंत्रं पॅल पद्धतीची, अमेरिका-जपानमधली एनटीएससी. आपले टीव्ही पॅलचे, त्यामुळे ब्रिटिश यंत्र आपल्याकडे सरळ बसतं. पॅल यंत्र सेकंदाला ५० चित्रं दाखवतं, एनटीएससी ६०. पुष्कळ खेळांचा वेग या आकड्यावर ठरलेला असतो. जपानी खेळ पॅल यंत्रावर संथ वाटतो आणि त्याचं संगीतही रेंगाळतं, तर युरोपात लिहिलेला कमोडोरचा खेळ अमेरिकी यंत्रावर अडखळू शकतो. म्हणून यंत्र आणि खेळ एकाच मुलखातले घ्या.

स्पेक्ट्रमच्या मागे चित्रासाठी फक्त टीव्हीच्या अँटेनाची जोडणी आहे. ती यूएचएफच्या ३६ क्रमांकाच्या चॅनेलवर लावावी लागते. नव्या टीव्हीवर ते चित्र मिळवण्याची धडपड करण्यापेक्षा आत एक छोटी तार बदलून काँपोझिट चित्र काढून घेणं सोपं, आणि हे काम कोणताही बरा टीव्ही दुरुस्तीवाला अर्ध्या तासात करतो. कमोडोरला काँपोझिट आधीपासूनच आहे. स्वस्तातले एव्ही-टू-एचडीएमआय डबे घेऊ नका. ते या यंत्रांचं चित्र फिकट करतात, हलत्या आकृत्या फाटल्यासारख्या दाखवतात आणि कळ दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत उशीर लावतात. पैसे असतील तर जुन्या चित्रासाठी बनवलेला चांगला स्केलर घ्या. नसतील तर त्याहून उत्तम गोष्ट भंगारवाल्याकडे मिळते: डबा टीव्ही. चौदा इंची, मागे पिवळी-पांढरी-लाल भोकं असलेला, चालू अवस्थेतला. हे खेळ अशाच पडद्यासाठी रंगवलेले होते आणि ते तिथेच खुलतात. फक्त तो टीव्ही स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट राहू शकतात.

यंत्र दुरून घेत असाल तर विकणाऱ्याकडे चालू पडद्याचा फोटो मागा. कमोडोर ६४ सुरू झाला की निळ्या पडद्यावर ३८९११ बेसिक बाइट्स फ्री असा मजकूर येतो. आकडा कमी असेल तर रॅममध्ये दोष आहे. स्पेक्ट्रमवर खालच्या बाजूला १९८२ सिंक्लेअर रिसर्च ही ओळ येते. ती न येता रंगीत चौकोन किंवा उभे पट्टे आले तर बहुतेकदा खालच्या रॅमच्या चिप गेलेल्या असतात. आणखी एक करा. विकणाऱ्याला सांगा की कीबोर्डवरून आजची तारीख टाइप करून मग फोटो काढा. फोटो ताजा आहे हे त्यातून कळतं आणि कळा चालतात हेही. स्पेक्ट्रमच्या रबरी कळांखालचा पातळ पडदा जुना होऊन चिरतो आणि कळांची अख्खी ओळच मुकी होते. नवा पडदा विकत मिळतो, घरी बसवता येतो, त्यामुळे त्यासाठी यंत्र नाकारू नका, किंमत मात्र उतरवून घ्या. ‘अनटेस्टेड’ लिहिलेलं यंत्र बिघडलेलंच आहे असं धरून बोली लावा. जपानी लिलावात ‘जंक’ हा शेरा असतो. त्याचा अर्थ परत घेणार नाही एवढाच. जंकमधून सुंदर चालणारी यंत्रंही निघतात, पण ती दुरुस्त करणारा हात जवळ असलेल्याने घ्यावीत.

काळा पडदा दाखवणारा कमोडोर स्वस्तात मिळत असेल तर घ्यावा का? सोल्डरिंग येत असेल किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ एखादा विश्वासू कारागीर ठाऊक असेल तर जरूर घ्यावा. अशा यंत्रात संशयित थोडेच असतात: पीएलए नावाची एक तापणारी चिप, रॅमच्या आठ चिप, फ्यूज, आणि वेळप्रसंगी चित्र काढणारी व्हिक चिप. यासाठी ‘डेड टेस्ट’ नावाचं एक कार्ट्रिज मिळतं. संगणकाची स्वतःची रॉम गेलेली असली तरी हे कार्ट्रिज स्वतः ताबा घेतं आणि रॅम खराब असेल तर पडदा लुकलुकवतं. किती वेळा लुकलुकला त्यावरून आठांपैकी कोणती चिप गेली ते कळतं. माझ्या मते कमोडोरवाल्याने पहिलं कार्ट्रिज हेच घ्यावं, खेळांचं त्यानंतर. आवाजाची सिड चिप सुटी विकत घ्यायची वेळ आली तर फार सावध राहा. जुन्या, वेगळ्याच चिपवरचं नाव खरवडून वर सिडचा क्रमांक छापलेल्या नकली चिप बाजारात मुबलक आहेत. आधुनिक पर्यायी सिड मिळतात, आणि खेळण्यासाठी त्या पुरेशा आहेत.

आता कार्ट्रिजकडे. ज्यांचं बालपण टीव्ही गेमच्या कॅसेटवर गेलं त्यांना हा ठोकळा ओळखीचाच आहे: आत एक छोटी पाटी, पाटीवर रॉम, खाली सोनेरी पट्ट्या. टेप आणि फ्लॉपी चुंबकीय असतात, त्या विरतात, त्यांना बुरशी लागते. कारखान्यातच मजकूर कोरलेली रॉम मात्र चाळीस वर्षांनंतरही क्षणात खेळ सुरू करते. जुन्या काळाचं साधन विकत घेऊन ते खरंच वापरायचं असेल तर कार्ट्रिजइतकं भरवशाचं दुसरं काही नाही.

कार्ट्रिज जमवायचीच हौस असेल तर एमएसएक्सकडे या, असं मी आग्रहाने सांगेन. जपानच्या आस्की कंपनीचे काझुहिको निशी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी जून १९८३ मध्ये हे मानक जाहीर केलं. सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स अशा अनेक कंपन्यांनी त्यानुसार यंत्रं काढली आणि एकाचं कार्ट्रिज दुसऱ्यात चालू लागलं. कोनामी या खेळ बनवणाऱ्या कंपनीने या यंत्रांसाठी केलेलं काम आठ-बिटच्या जगातल्या सर्वोत्तम कामांपैकी आहे. १९८६ चे ‘नाइटमेअर’ आणि ‘पेंग्विन अ‍ॅडव्हेंचर’, आणि १९८७ चा ‘मेटल गिअर’, जो सगळ्यात आधी एमएसएक्स २ वरच आला. कोनामीच्या कार्ट्रिजवर आरसीने सुरू होणारा क्रमांक असतो: नाइटमेअर आरसी७३९, मेटल गिअर आरसी७५०. खरेदीची यादी या क्रमांकांनी ठेवा. जपानी आणि युरोपी आवृत्त्यांची नावं कधीकधी वेगळी असतात, क्रमांकाने घोटाळा होत नाही.

यातली काही कार्ट्रिज म्हणजे नुसता खेळ नसून यंत्राला जोडलेला नवा अवयव असतो. एमएसएक्सच्या मूळ आवाजाच्या चिपमध्ये तीन सूर आहेत. ‘नेमेसिस २’पासून कोनामीने कार्ट्रिजच्या आतच एससीसी नावाची आणखी एक चिप बसवली, तिने पाच सूर वाढवले. हे संगीत ऐकायचं तर ती चिप हाताशी हवी, आणि ती कार्ट्रिजमध्ये आहे. तसंच पहिल्या खाचेत ‘नेमेसिस’ आणि दुसऱ्या खाचेत ‘ट्विनबी’ लावून यंत्र सुरू केलं की खेळातलं लढाऊ यान बदलून ट्विनबीचं होतं. दोन खाचांच्या यंत्राचा असा खेळकर उपयोग करणाऱ्या कारागिरांबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच यंत्र घेताना दोन खाचांचंच घ्या. नवख्याला मी पॅनासॉनिकचं १९८६ चं एफएस-ए१ सुचवतो. ते एमएसएक्स २ आहे, आणि त्यात फ्लॉपी ड्राइव्ह नाही हा त्याचा मोठा गुण. ड्राइव्हवाल्या जपानी यंत्रांमधला रबरी पट्टा विरघळून चिकट झालेला असतो आणि तो बदलणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

कार्ट्रिज हातात घेऊन तपासता येत असेल तर आधी लेबल आणि नंतर सोनेरी पट्ट्या पाहा. लेबलवरची छपाई नव्या प्रिंटरची, चकचकीत, कडा कात्रीने कापल्यासारख्या वाटल्या तर शंका घ्या. विकणाऱ्याची परवानगी असेल तर उघडा. आत जुनी रॉम हवी. काचेची खिडकी असलेली किंवा तिच्यावर कागदाचा तुकडा चिकटवलेली ईप्रॉम दिसली तर ती बहुधा नक्कल किंवा चाचणीची प्रत असते, आणि तिच्यातला मजकूर काळाच्या ओघात पुसट होतो. नव्याने बनवलेली प्रत ‘नवी आहे’ असं सांगून विकली तर त्यात काही गैर नाही, खेळायला ती चांगलीच. मूळ म्हणून मूळच्या किमतीला विकली तर ती फसवणूक आहे, आणि अशा विकणाऱ्याकडून दुसरंही काही घेऊ नये.

सफाईसाठी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातली कापूसकाडी पुरते. पट्ट्यांवरून हलक्या हाताने फिरवा, काडी काळी व्हायची थांबेपर्यंत, मग पूर्ण वाळू द्या. पॉलिशपेपर कधीही लावू नका, मुलामा निघून जातो. कार्ट्रिज नेहमी यंत्र बंद असतानाच लावा आणि काढा. स्पेक्ट्रमच्या मागच्या जोडणीत चालू यंत्रावर काही हलवलं तर चिप जाऊ शकते.

किमतीबद्दल नव्या संग्राहकाची एक गैरसमजूत असते, की जुनं ते दुर्मीळ. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-९९/४ए पाहा. अमेरिकेतल्या किंमतयुद्धात तो १९८३ मध्ये शंभर डॉलरच्याही खाली विकला गेला. घरोघरी गेला, आणि म्हणून त्याचे ‘पार्सेक’सारखे प्रसिद्ध खेळ आजही थोडक्यात मिळतात. उलट स्पेक्ट्रमसाठी सिंक्लेअरने १९८३ मध्ये ‘इंटरफेस २’ काढून रॉम कार्ट्रिजची सोय केली, पण त्यावर जेमतेम दहा खेळ निघाले. तेच खेळ टेपवर बरेच स्वस्त होते, मग कार्ट्रिज घेणार कोण? आज ती दहा कार्ट्रिज महाग आहेत. त्यातला ‘जेटपॅक’ टेपवर आहे तसाच कार्ट्रिजवर आहे, आणि स्पेक्ट्रमला टेपचा आवाज मोबाइलवरूनही ऐकवता येतो. दहाचा संच पुरा करण्याची ओढ मला समजते. पण ती खरेदी सगळ्यात शेवटी करावी.

सुरुवातीला एक फ्लॅश कार्ट्रिज घेणं शहाणपणाचं, म्हणजे ज्यात मेमरीमध्ये अनेक खेळ भरता येतात असं. त्यावर आधी खेळा, कोणता खेळ महिनाभर पुन्हा पुन्हा लावावासा वाटतो ते पाहा आणि तेवढ्याच खेळांची मूळ कार्ट्रिज विकत घ्या. प्रताधिकाराची बाजू आहे, तिचा मान ठेवा. अनेक जुने लेखक आपले खेळ स्वतःहून मोफत देतात आणि या यंत्रांसाठी आजही नवे खेळ लिहून विकले जातात. ते घ्या.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले टीव्ही गेम हे बहुतेक निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला होते. काहींना कीबोर्ड जोडून ‘कॉम्प्युटर’ म्हणूनही विकलं गेलं. त्यांची कार्ट्रिज ६० पिनांची, आत चिपच्या जागी काळ्या राळेचा ठिपका. परदेशी बाजारात त्यांना फारशी किंमत नाही. पण आपल्या मुलांनी खेळलेले हेच होते, आणि ते भंगारात झपाट्याने जात आहेत. खोक्यासह मिळाले तर जरूर ठेवून घ्या, मात्र मूळ निन्टेंडोच्या भावाने घेऊ नका.

परदेशातून मागवताना एक गोष्ट आधी पक्की करा. वापरलेल्या संगणकांच्या आयातीवर भारतात निर्बंध आहेत, आणि पार्सल कस्टम्समध्ये अडकलं तर यंत्राच्या किमतीहून जास्त मनस्ताप होतो. पैसे भरण्याआधी त्या वेळचा नियम आणि शुल्क विचारून घ्या. लंडन किंवा ओसाकाहून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून आणायचं ठरलं तरी नियम विचारावाच, आणि त्याला आधी स्पष्ट सांगावं की बॅगेत काय आहे. कार्ट्रिज हलकी, टिकाऊ, त्यांचा प्रवास सोपा. यंत्र मात्र कीबोर्डवर दाब येणार नाही असं बांधायला सांगा. कमोडोरच्या कळांचे दांडे वाटेत मोडतात.

घरी आल्यावर पिवळं पडलेलं आवरण पांढरं करण्याची घाई करू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवण्याची पद्धत प्रचलित आहे, पण रंग पुन्हा पिवळा पडू शकतो आणि हात चुकला तर ढगाळ डाग कायमचे राहतात. आवरण सोडवून भांड्यांच्या साबणाने धुतलं तरी पुष्कळ उजळतं. अमिगाच्या काही यंत्रांत घड्याळासाठी छोटी चार्जिंगची बॅटरी असते. ती गळून पाटी खाते. आल्या दिवशीच काढून टाका. अमिगा ६०० आणि १२०० मधले छोटे कपॅसिटरही गळतात, तेही लवकर बदलून घ्यावेत.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका. आत घाम धरतो. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या दर महिन्याला तापवून कोरड्या करा. खोकी आणि माहितीपुस्तिका वेगळ्या डब्यात ठेवा. झुरळ आणि कसर यांना लेबलांमागचा गोंद आवडतो, तेव्हा तिथे नजर हवी. यंत्राच्या मागच्या जाळीतून पालही आत शिरते, म्हणून वापर नसताना वर सुती कापड टाका. महिन्यातून एकदा नव्या अ‍ॅडाप्टरवर अर्धा तास यंत्र चालवा, एखादं कार्ट्रिज लावून खेळा, आणि त्या दिवशी ५ व्होल्टच्या जागी मल्टिमीटरने काय दाखवलं ते तारखेसह वहीत लिहून ठेवा. आकडा हळूहळू चढताना दिसला तर पुढच्या वेळी सुरू करण्याआधी अ‍ॅडाप्टर बदला.